गहू बंद करायला सांगण्याआधी रक्त तपासा : मेंदूच्या आणि पोटाच्या डॉक्टरांना खुलं पत्र

समस्त न्यूरॉलॉजिस्ट, पोटविकारतज्ज्ञ आणि लॅब चालवणाऱ्या डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी ब्लाऊज शिवते. पिंपरी-चिंचवडला एका सोसायटीखाली दहा बाय आठचा गाळा आहे, दोन शिलाई मशीन आणि एक पिको-फॉलचं, एकवीस वर्षं झाली. हे आधी सांगते कारण माझं दुखणं मला दवाखान्यात नाही कळलं, ह्या गाळ्यात कळलं. २०२१ची दिवाळी, गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही आणि एक जुन्या गिऱ्हाईक काकू ब्लाऊज परत घेऊन आल्या, म्हणाल्या राग मानू नकोस गं पण डावी बाही अर्धा इंच वर लागलीय. मी टेप लावून बघितलं तर खरंच. वाटलं घाईत झालं असेल. मग सुईत दोरा ओवता येईना. चष्मा बदलला तरी येईना, कारण दोष डोळ्यांचा नव्हताच, हात टेबलावर नुसता ठेवला की गप्प आणि दोरा नेढ्याजवळ नेला की नेमका तेव्हाच थरथरायचा. आता शेजारची दहावीतली पोर रोज सकाळी शाळेत जाताना दहा-बारा सुया ओवून गादीला टोचून ठेवते, लाल, हिरवा, मोरपंखी, आणि दुपारपर्यंत त्या संपल्या की माझं हातशिलाईचं काम थांबतं.

पायांचं नंतर सुरू झालं. तळव्याला मुंग्या, जिना उतरताना पायरी कुठे आहे ते पायाला कळायचंच नाही, अंधारात तर भिंत धरूनच. एकदा दूध घेऊन येताना अशी काही झोकांडी गेली की समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी दुसरीला डोळ्याने खुणावलं. काय समजायचं ते मी समजले. आमच्या घरात कधी कोणी थेंबाला शिवलं नाही हो, आणि ही पाळी.

तर साडेचार वर्षं मी तुमच्यापैकी वेगवेगळ्या लोकांकडे फिरतेय. कोणाचंही नाव घेणार नाही, हॉस्पिटलचंही नाही, कारण मला कोणाला बदनाम करायचं नाहीये आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला नीट वागवलं हेही खरं आहे. पण मे महिन्यात माझ्या फाईलवर शेवटचं जे लिहिलं गेलं ते मला गप्प बसून मान्य नाही. तिथे लिहिलंय, ग्लुटेनचा (म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा) त्रास नाही, अँक्झायटी, सायकियाट्रीला रेफर. फाईल बंद.

मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायला मला कमीपणा वाटत नाही. घरात दोघींनी औषधं घेतलीत आणि बऱ्या झाल्यात. माझी हरकत एवढीच आहे की "ग्लुटेनचा त्रास नाही" हे ज्या तपासणीवरून लिहिलं ती तपासणीच चुकीच्या वेळी झाली. आणि ती चुकीच्या वेळी झाली ते तुमच्यापैकीच एकाच्या सल्ल्याने.

सगळं क्रमाने सांगते. २०२२ मध्ये बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, आकडा वर आला, मुंग्या तशाच. थायरॉईड ठीक, शुगर ठीक. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला तो सहा महिने घातला, उन्हाळ्यात सुद्धा. २०२४ला न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा केलं, फरशीच्या रेषेवरून टाचेला बोटं चिकटवून चाला म्हणाले, मी तिसऱ्या पावलाला डावीकडे गेले आणि नर्सने धरलं. एमआरआय केला, त्यात लहान मेंदू वयाच्या मानाने थोडा आक्रसलाय असं आलं. माझं वय तेव्हा ४६. कारण विचारलं तर म्हणाले काही वेळा कारण सापडत नाही, सहा महिन्यांनी दाखवा. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले ताई, गहू बंद करून बघा, काही लोकांना गव्हातल्या ग्लुटेनने नसांचा त्रास होतो. मी केला बंद. रक्त वगैरे आधी काही तपासलं नाही. चार महिन्यांनी मार्चमध्ये पोटाच्या डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेनने आतडं खराब होण्याचा आजार, आहे का ते बघायला टीटीजी नावाची अँटीबॉडी रक्तात तपासली, निगेटिव्ह. एप्रिलमध्ये एंडोस्कोपी केली, त्यातही फार काही नाही. मेमध्ये फाईल बंद.

आता ह्यात चूक कुठे झाली ते मला माझ्या मुलीने सांगितलं, ती बी.फार्म.ला आहे. ती अँटीबॉडी गहू पोटात जातो तोवर बनते. गहू बंद केला की काही महिन्यांत उतरायला लागते आणि आतड्याची खराबी पण भरून यायला लागते. म्हणजे चार महिने भाकरी खाल्लेल्या बाईची टेस्ट निगेटिव्ह आली ह्यावरून काहीच ठरत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. इंग्लंडमध्ये नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, तिने २०१५च्या नियमावलीत साफ लिहून ठेवलंय की तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असायला पाहिजे. त्याच नियमावलीत असंही आहे की ज्यांना तोल जाणं, हातापायाच्या नसांचा त्रास हे कारण न कळता होतंय त्यांची ही तपासणी करायचा विचार करा. मुलीने मला हे मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा मी कटोरी ब्लाऊज कापत होते, कात्री खाली ठेवली आणि दोन मिनिटं काही बोललेच नाही. साडेचार वर्षांत ही टेस्ट एकदाच झाली आणि ती नेमकी गहू बंद असताना.

दुसरी गोष्ट, टीटीजी आयजीए प्रकारची तपासतात, आयजीए म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचा एक प्रकार. काही लोकांच्या रक्तात आयजीएच मुळात कमी असतं, त्यांची टेस्ट आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून सोबत एकूण आयजीए मोजायचं असतं. माझं मोजलेलं नाही. का नाही मोजलं विचारलं तर कलेक्शन सेंटरवरचा मुलगा म्हणाला डॉक्टरांनी लिहिलं नव्हतं, आणि डॉक्टर म्हणाले लॅबच्या पॅकेजमध्ये असेल असं वाटलं. आता ह्यात मी कोणाशी भांडू.

एंडोस्कोपीचं पण तेच. आतड्याची खराबी सगळीकडे सारखी नसते, मध्येच चांगलं मध्येच खराब असं ठिगळासारखं असतं, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि वरच्या फुगीर भागातून एक-दोन घ्यायचे असतात. माझ्या रिपोर्टवर तुकडा एक असं लिहिलंय. एक! मला कोणी अख्खं ताग्यातलं कापड एका कोपऱ्यावरून बघून पास कर म्हणालं तर मी करेन का? खाली "क्रॉनिक नॉनस्पेसिफिक ड्युओडेनायटिस" एवढंच, मार्श ग्रेड, म्हणजे आतडं किती खराब झालंय त्याचा आकडा, लिहिलेलाच नाही. आणि हे सगळं परत गहू बंद असतानाच.

पोट दुखत नाही, जुलाब नाहीत, मग तुम्हाला सीलिअ‍ॅक कसा असेल, हे मी किमान तिघांकडून ऐकलंय. पोटाचे डॉक्टर म्हणतात हे न्यूरोचं, न्यूरोचे म्हणतात गव्हाचं काय ते पोटवाल्यांना विचारा, आणि ह्या दोन मजल्यांमध्ये लिफ्ट बंद असली की मी जिना चढते, कठडा धरून. पण ह्या आजारात नसा आणि मेंदू बिघडू शकतात हे काही काल-परवाचं नाही. १९६६ मध्येच इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकचे सोळा पेशंट लिहून ठेवलेत ज्यांच्या नसा आणि मेंदू बिघडले होते. मग १९९६ला शेफील्डच्या डॉ. मारिओस हाजीवासिल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटीकडून बघितलं. पोटाचे पेशंट न घेता न्यूरॉलॉजीचे घेतले आणि रक्तात ग्लायडिनविरुद्धची (ग्लायडिन हा ग्लुटेनचाच एक भाग) अँटीबॉडी शोधली. ज्यांच्या दुखण्याचं कारण सापडत नव्हतं अशा लोकांत ती शंभरात ५७ जणांना निघाली, रक्तदान करणाऱ्या धडधाकट लोकांत शंभरात १२. आता ती अँटीबॉडी धडधाकट माणसातही सापडते म्हणजे नुसत्या तिच्यावरून निदान होत नाही, हे मलाही कळतं, आणि ह्या विषयावर तुमच्यात अजून वाद आहेत हेही मुलीने वाचून दाखवलंय. पण ग्लुटेन अटॅक्सिया, म्हणजे ग्लुटेनमुळे तोल जाण्याचा आजार, हे नाव तिथून पुढे रुजलं, त्यातल्या दहातल्या एकालाही पोटाची तक्रार नसते असं तेच लोक सांगतात, आणि बहुतेकांना सुरुवात पन्नाशीच्या आसपास होते. म्हणजे पोट दुखत नाही म्हणून मला वगळायचं हे कुठे बसतं?

आणखी एक वाक्य मला फार लागलं, "हा पंजाबी लोकांचा आजार आहे हो, आपल्याकडे नसतो." २०१६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, तेवीस हजारांवर माणसं तपासली होती, सीलिअ‍ॅक उत्तरेत शंभरात सव्वा, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० निघाला. पण ह्या आजाराला लागणारे जीन तिन्हीकडे जवळपास सारख्याच लोकांत होते, मोठा फरक होता तो खाण्यात, उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम गहू आणि दक्षिणेत २५. पश्चिम भारत त्या अभ्यासात नव्हताच, मग आपल्याकडे नसतो हे कोणी मोजलं?

आणि माझंच बघा ना. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीचं. लग्न होईपर्यंत पोळी म्हणजे सणाला नाहीतर पाहुणा आला तर, एरवी सकाळ-संध्याकाळ भाकरी, शिळी भाकरी दुधात कुस्करून. इकडे आल्यावर सकाळी डब्याला पोळी, दुपारी पोळी, रात्री पोळी, मध्ये चहाबरोबर टोस्ट. २०२३ला वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी तीन महिने माहेरी होते, पूर्ण भाकरीवर. थरथर गेली नाही, तोल पण तसाच होता, पण डोक्यात सारखं धुकं असल्यासारखं वाटायचं ते कमी झालं आणि मुंग्या पोटरीपर्यंत यायच्या त्या घोट्याखाली राहिल्या. मी म्हटलं मशीनवर बसणं नाही, आराम मिळाला म्हणून असेल. असेलही तसं. पण साडेचार वर्षांत "तुम्ही जेवता काय" हा प्रश्न मला एकाच डॉक्टरने विचारला, एक रेसिडेंट मुलगी होती, रात्रपाळी करून आलेली, डोळे सुजलेले तिचे, तिने विचारलं आणि लिहून पण घेतलं. तिचं ते पान फाईलमध्ये आहे, पुढे कोणी उलटलेलं दिसत नाही. ह्या आजारात गव्हाचा हात आहे हे हॉलंडमधल्या विलेम डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरने सिद्ध केलं म्हणतात, १९४४-४५च्या हिवाळ्यात तिकडे युद्धामुळे पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर परत बिघडली, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. माझ्या तीन महिन्यांकडे तसं कोणीतरी बघावं एवढंच.

गहू बंद करा म्हणणं सोपं आहे, त्याचाही अनुभव सांगते. माझ्या हातात डाएट चार्ट दिला त्यात क्विनोआ, बकव्हीट, बदामाचं पीठ. अहो मंगळवेढ्याच्या मुलीला क्विनोआ! भाकरी हा शब्द अख्ख्या कागदावर नव्हता. जे खरंच सांगायला पाहिजे ते कोणीच सांगितलं नाही. बाजारातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, म्हणजे मी चार महिने निष्ठेने भाकरी खाल्ली आणि वरणाच्या फोडणीतून रोज चिमूटभर गहू खातच होते. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात गहू. आणि गिरणी. आमच्या गिरणीत ज्वारीला वेगळं जातं नाही, गव्हावरच ज्वारी पडते, डबा उघडला की भाकरीच्या पिठात वर पांढुरकं गव्हाचं दिसायचं. मग मी गिरणीवाल्या काकांना गळ घातली, मंगळवारी सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या माझा डबा घ्यायचा, आधी दोन मुठी तांदूळ दळून बाजूला काढायचे आणि मग ज्वारी. तेवढ्याने जातं पूर्ण साफ होत नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण त्यांनी ऐकलं, एकदाही हसले नाहीत, रांगेतल्या बायका कुरकुरल्या तर म्हणाले ताईंना डॉक्टरने सांगितलंय. पाकीटबंद मालावर गव्हाचा उल्लेख करायचा नियम आहे आणि ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, पण सुट्या हिंगावर आणि गिरणीवर कुठलं लेबल.

मला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. नसेलही. आनुवंशिक असेल, दुसरं काही असेल. पण लहान मेंदूतल्या ज्या पेशी मरतात त्या परत येत नाहीत असं तुम्हीच सांगता, मग जे थांबवता येण्यासारखं कारण आहे ते आधी नीट तपासून बाजूला काढायला नको का? मापं नीट न घेता कापड कापायचं नसतं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

तर माझ्या मागण्या, फार नाहीत.

एक, तोल जाणं, मुंग्या, थरथर घेऊन कोणी आलं आणि कारण दिसत नसेल तर बी-१२ आणि थायरॉईडच्या बरोबरच, पहिल्याच फेरीत, टीटीजी आणि एकूण आयजीए लिहा. मी दिले ते टीटीजीचे हजार-बाराशे होते, एमआरआयचे साडेसहा हजार.

दोन, रक्त घेण्याआधी गहू बंद करायला सांगू नका. ही माझी मुख्य मागणी, बाकी सगळ्या नाही ऐकल्या तरी ही ऐका. आणि लॅबवाल्यांनी फॉर्मवर एक ओळ छापा, "गेले सहा आठवडे रोज गहू खाताय का, हो / नाही", आणि नाही असेल तर रिपोर्टवर तसं लिहा. शाई तेवढीच लागेल.

तीन, एंडोस्कोपी करणार असाल तर एकदाच करा पण पुरेसे तुकडे घ्या आणि मार्श ग्रेड लिहा, ती नळी परत परत गिळायची हौस कोणाला नाही.

चार, न्यूरो आणि पोटविकार विभागांनी अशा पेशंटबद्दल एकमेकांना चिठ्ठी लिहावी, पेशंटच्या तोंडी निरोप पाठवू नये. मी निरोप्या नाही, आणि मला ते इंग्रजी शब्द नीट सांगताही येत नाहीत. ग्लुटेन अटॅक्सियात बघतात अशी टीजी-६ म्हणून एक अँटीबॉडी आहे ती मी तीन लॅबना विचारली, तिघांनी पण टीजी-६ म्हणजे थायरॉईडचं का असं विचारलं.

पाच, डाएटचा कागद मराठीत द्या आणि त्यात भाकरी, हिंग, भाजणी, गिरणी हे शब्द असू द्या.

आणि माझ्यापुरतं एक वेगळं. फाईलवरचं "ग्लुटेनचा त्रास नाही" खोडून "तपासणी अपुरी" असं लिहून द्या. अँक्झायटी राहू दे हवं तर, ती आहेच आता, साडेचार वर्षांत नसती तरच नवल.

सोमवार १ जूनपासून मी परत पोळी सुरू केलीय. आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारून केलीय, मनाने नाही. सकाळी दोन, रात्री दोन. दुसऱ्या आठवड्यातच मुंग्या परत पोटरीपर्यंत आल्यात आणि काल दोन ब्लाऊजचे काज शेजारणीकडून करून घेतले, तिचे पैसे द्यायचेत. मुलगी कॅलेंडरवर रोज रात्री एक फुली मारते. सहा आठवडे १३ जुलैला पुरे होतात, त्याही दिवशी सोमवार आहे, ओपीडीचा वार आहे. सकाळी साडेसातला मी केसपेपरच्या खिडकीशी फाईल घेऊन उभी असेन, रेसिडेंट मुलीचं ते पान सगळ्यात वर लावून. उपाशी यायचं की पोळी खाऊन, तेवढं फक्त कोणीतरी आधी कळवा.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक ताई